चार बाय सातचा हिशेब

बाथरूमचं काम काढायचं ठरलं, तेव्हा आम्ही घरोघर होतं तेच केलं. मोबाइलवर फोटो बघितले. लांबलचक काचा, कोपऱ्यात हिरवं झाड, पांढरा टॉवेल, मंद दिवा. एका फोटोपाशी आई थांबली आणि म्हणाली, "यात बादली कुठंय?"

बादली कुठेच नव्हती. पाट नव्हता, खराटा नव्हता, फिनेलची बाटली नव्हती. मग एका रविवारी सकाळी आमच्या बाथरूममधल्या, जमिनीवर टेकलेल्या सगळ्या वस्तू उचलून पॅसेजमध्ये आणून ठेवल्या. दोन बादल्या, कपडे भिजवायचा टब, आईचा पाट, संडासाचा ब्रश, फरशी घासायचा ब्रश, खराटा, पोछ्याची बादली, फिनेल, कपड्याच्या साबणाचा डबा आणि पाणी गेलं तर हाताशी असावं म्हणून भरून ठेवलेलं पिंप. एकूण अकरा. आत जाऊन पाहिलं तर बाथरूम एकदम ऐसपैस दिसत होतं. एक टाइल फुटली नव्हती, एक रुपया खर्च झाला नव्हता.

लहान बाथरूमचा प्रश्न बहुतेक वेळा असा असतो. कमोड आणि बेसिनने अडवलेली जागा ठरलेली असते. बाकीची जागा जमिनीवर ठेवलेल्या वस्तू खातात. म्हणून या लेखातल्या सगळ्या सूचनांचा मथितार्थ एकच आहे: जमिनीवर फक्त पाय आणि बादली राहू द्या, बाकीचं भिंतीवर चढवा. कसं, ते पाहू.

आधी मोजमाप

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार नुसत्या न्हाणीघराचं किमान क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर असावं लागतं. संडास आणि न्हाणीघर एकत्र असेल तर २.८ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३० चौरस फूट. रुंदी दोन्ही प्रकारांत किमान १.२ मीटर, म्हणजे जवळजवळ चार फूट. मुंबई-पुण्याच्या जुन्या फ्लॅटमध्ये भिंतींना टाइल्स लागल्यावर प्रत्यक्ष हाती येतं ते बहुधा चार बाय सात. आपण हेच माप धरू: २८ चौरस फूट.

आता वजाबाकी करा. कमोड सव्वा फूट रुंद आणि सव्वादोन फूट लांब, म्हणजे तीन चौरस फूट. बेसिन दोन चौरस फूट. दार आत उघडत असेल तर त्याच्या फेऱ्याला पाच. उरले अठरा. अंघोळीला ऐसपैस बसायचं तर तीन बाय तीन फूट, म्हणजे नऊ. कमोडसमोर गुडघे आणि पाय यांच्यासाठी दोन बाय अडीच, म्हणजे पाच. उरले चार चौरस फूट. एक बादली तिच्या आजूबाजूच्या जागेसकट एक चौरस फूट अडवते, टब दीड, पिंप अडीच. संपली जागा.

ही बेरीज-वजाबाकी कागदावर करण्यापेक्षा हॉलच्या फरशीवर खडूने करावी. बाथरूमचा चौकोन खऱ्या मापात आखायचा, कमोड आणि बेसिनच्या जागी वर्तमानपत्रं पसरायची, दाराचा फेरा काढायचा. मग त्या चौकोनात खरोखर पाट मांडून बसायचं, तांब्या घेतल्यासारखा हात फिरवायचा, उठून टॉवेलकडे हात न्यायचा. कोपर कुठे आपटतं ते पाचव्या मिनिटाला कळतं. आमच्या खडूच्या चौकोनात मला दाढी करता येत होती, पण कमोडवर बसलं की गुडघे बेसिनला लागत होते. हे टाइल्स लागल्यावर कळलं असतं तर महागात गेलं असतं.

मोरीकडून घ्यायचा धडा

आपल्याकडे लहान जागेत अंघोळ करण्याचा अनुभव मोठा आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. चाळीत संडास सामायिक, आणि अंघोळ, भांडी, धुणं हे सगळं खोलीतल्या मोरीत. अशी मोरी चारही बाजूंनी बंद नसायची. हातभर उंचीचा कठडा आणि एक पडदा, एवढीच तिची हद्द.

तरीही तिथे कशाची अडचण होत नसे, कारण प्रत्येक वस्तूला जागा नेमून दिलेली असायची. साबण कोनाड्यात, तांब्या बादलीच्या कडेला अडकवलेला, कपडे खुंटीवर, ओलं धोतर-लुगडं वरच्या दांडीवर, पाट भिंतीला उभा. अंघोळ झाली की मोरी पुन्हा रिकामी, भांड्यांसाठी तयार. आज दुकानात 'निश', 'हुक', 'रेल' अशा नावांनी जे विकलं जातं ते आपल्या आजीला कोनाडा, खुंटी आणि दांडी म्हणून ठाऊक होतं. मोरीत जमीन दिवसातून चार कामांना लागायची, म्हणून तिच्यावर काहीच ठेवलं जात नसे. बाथरूम मोठं झालं तसा हा शिस्तीचा भाग सुटला.

दार: पाच चौरस फुटांचा प्रश्न

अडीच फुटी दार आत उघडताना पाव वर्तुळ आखतं. त्याचं क्षेत्रफळ सुमारे पाच चौरस फूट होतं, म्हणजे २८ मधला सहावा हिस्सा. या पट्ट्यात काही ठेवता येत नाही आणि दार लावेपर्यंत धड उभंही राहता येत नाही. बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडणारं केलं की हे पाच चौरस फूट एका दिवसात मिळतात. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फायदा हाच.

याला सुरक्षिततेचीही बाजू आहे. आत कुणी घसरून पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि मदतीला येणाऱ्याला ते ढकलता येत नाही. घरात वयस्कर माणूस असेल तर एवढ्या एका कारणासाठीही दार बाहेर उघडणारं असावं. मात्र एक काळजी घ्यायची: अंघोळीनंतर दाराला लागलेलं पाणी आता बाहेर ठिबकतं. उंबऱ्याची पट्टी दाराच्या बाहेरच्या अंगाला न लावता आतल्या अंगाला लावली आणि बाहेर पायपुसणं टाकलं की भागतं.

पॅसेज अरुंद असेल तर सरकतं किंवा घडीचं दार. सरकत्या दाराला बाजूची भिंत मोकळी लागते. तिथे दिव्याची बटणं असतील तर ती आधी हलवावी लागतात. घडीचं पीव्हीसीचं दार स्वस्त, पण त्याचे सांधे तीन-चार वर्षांत ढिले होतात. दार कसलंही असो, त्याची आतली बाजू म्हणजे एक पूर्ण भिंत असते. तिथे वरच्या अंगाला चार खुंट्या आल्या की बदलायचे कपडे आणि टॉवेल यांची सोय झाली.

कमोड हलवू नका, बेसिन हलवा

नवीन मांडणी करताना पहिला मोह कमोड दुसऱ्या भिंतीला नेण्याचा होतो. तो आवरावा. कमोडच्या निचऱ्याचा पाइप चार इंची असतो, त्याला उतार लागतो, आणि जागा बदलली की तो उतार मिळवण्यासाठी सगळी जमीन उचलावी लागते. मग बाथरूमला पायरी येते आणि डोक्यावरची उंची कमी होते. कमोड आहे तिथे ठेवून बाकीचं त्याच्याभोवती फिरवणं शहाणपणाचं. त्याच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान १५ इंच मिळाले पाहिजेत, नाहीतर खांदा घासतो.

नवीन कमोड घेताना जुन्याचा निचरा जमिनीतून आहे की भिंतीतून, आणि जमिनीतून असेल तर तो भिंतीपासून किती इंचांवर आहे, हे मोजून दुकानात जावं. चुकीच्या मापाचा कमोड भिंतीपासून तीन-चार इंच पुढे बसतो आणि मागे धूळ-कचऱ्याची घळ तयार होते.

भिंतीवर टांगलेला कमोड जागा वाचवतो असं सांगतात, ते अर्धं खरं आहे. त्याची टाकी भिंतीत लपते. पण तुमची भिंत चार इंची असेल तर टाकीसाठी पुढे आणखी एक भिंत उभी करावी लागते आणि वाचलेले इंच त्यातच जातात. खरा फायदा दोन ठिकाणी होतो. एक, खालची जमीन पूर्ण मोकळी राहते आणि पोछा सरळ फिरतो. दोन, ती पुढची भिंत कमरेपर्यंतच बांधली तर तिच्या माथ्यावर चार-पाच इंच रुंदीची फळी फुकट मिळते.

बेसिन मात्र खुशाल बाहेर काढावं. मराठी घरांत जेवणाच्या टेबलाजवळ किंवा पॅसेजमध्ये बेसिन असण्याची पद्धत आहे, ती नुसती जेवणानंतर हात धुण्यासाठी नाही. बेसिन बाहेर असलं की एकजण आत अंघोळ करत असताना दुसऱ्याला दात घासता येतात. आतलं बेसिन ठेवायचंच असेल तर १४ बाय ११ इंचांचं छोटं किंवा कोपऱ्यात बसणारं घ्यावं. त्याखाली कपाट करण्याचा आग्रह असेल तर ते जमिनीपासून फूटभर वर टांगलेलं असावं. जमिनीपर्यंत आलेलं कपाट खालून फुगतं आणि झुरळांना आसरा देतं.

जपानमध्ये याहून पुढची युक्ती वापरतात. तिथल्या पुष्कळ घरांत कमोडच्या टाकीच्या झाकणावरच छोटंसं बेसिन असतं. फ्लश केल्यावर टाकीत भरणारं पाणी आधी वरच्या तोटीतून पडतं, त्यात हात धुवायचे, आणि तेच पाणी टाकीत जाऊन पुढच्या फ्लशला लागतं. एका वस्तूच्या जागेत दोन वस्तू, आणि पाण्याची बचत वर.

ओलं आणि कोरडं

फोटोतल्या बाथरूममध्ये काचेचं दालन असतं, कारण तिथे शॉवरखाली उभं राहून अंघोळ होते. आपल्याकडे बसून, बादलीतून, तांब्याने होते. पाणी उभ्या धारेत न पडता आडवं उडतं. तीन फुटांपर्यंत सहज. म्हणून आपल्याला काच लागते ती पूर्ण दालनाची नाही. दोन फूट रुंदीची एक स्थिर, कडक केलेली आठ मिलिमीटरची काच कमोड आणि अंघोळीची जागा यांच्यामध्ये उभी केली की कमोड कोरडा राहतो, आणि उरलेल्या दोन फुटांतून बादलीसकट ये-जा करता येते. काचेला दार नको. दाराला पुन्हा फेरा आला.

बोअरवेलचं पाणी असेल तर काचेचा विचार दोनदा करावा. क्षारांचे पांढरे डाग आठवड्याभरात धरतात आणि रोज रबरी वायपर फिरवला नाही तर काच दुधी होते. तिथे पडदा बरा. पडदा पावसाळ्यात बुरसटतो, पण तो काढून धुता येतो आणि दोन वर्षांनी बदलता येतो.

मांडणीचा क्रम दारापासून आत कोरड्याकडून ओल्याकडे असावा: आधी बेसिन, मग कमोड, शेवटी अंघोळ. म्हणजे नुसते हात धुवायला आलेल्याचे पाय ओले होत नाहीत. जमिनीला नहाणी ट्रॅपकडे उतार हवा, साधारण ८० ला १. सात फुटांच्या लांबीत एक इंच. हा 'नहाणी ट्रॅप' शब्द देशभरच्या स्थापत्याच्या पाठ्यपुस्तकांत याच नावाने आहे. आपली न्हाणी अशी इंग्रजी पुस्तकांत जाऊन बसली आहे.

उतार मात्र पुस्तकात वाचून येत नाही. आमच्याकडे टाइल्स लागल्या, मी हौसेने बादलीभर पाणी ओतलं, आणि ते ट्रॅपकडे जायचं सोडून कमोडच्या पायाशी जाऊन थांबलं. तीन टाइल्स उखडून पुन्हा लावाव्या लागल्या. सिमेंट ओलं असतानाच गोटी सोडून बघायची असते, असं गवंड्याने नंतर सांगितलं. गोटी ट्रॅपकडे गेली की पाणीही जाणार. हे त्याने आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कोनाडा, खुंटी, फळी

आता त्या अकरा वस्तूंचं पुनर्वसन. साबण, शांपू, तेल, उटणं यांच्यासाठी अंघोळीच्या जागी भिंतीत कोनाडा काढावा. फूटभर रुंद, फूटभर उंच आणि चार इंच खोल पुरतो. शांपूची बाटली तीन इंचांहून जाड क्वचितच असते. कोनाड्याची उंची अंघोळ बसून करायची की उभ्याने यावर ठरते. पाटावर बसणाऱ्याचा हात अडीच-तीन फुटांवर पोचतो. शॉवर घेणाऱ्याला साडेतीन-चार फूट सोयीचे. घरात दोन्ही पद्धती असतील तर दोन छोटे कोनाडे. तळाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायला विसरू नये, नाहीतर साबण पाण्यात बसून विरघळतो.

कोनाडा कुठल्याही भिंतीत काढता येत नाही. चार इंची भिंतीत चार इंचांचा कोनाडा म्हणजे खिडकीच झाली. अलीकडच्या बऱ्याच इमारतींत भिंतीही काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. त्या खोदायच्या नसतात, कारण इमारतीचा भार त्याच पेलतात. अशा ठिकाणी तळापासून तीन फूट उंचीची, चार इंच जाडीची आडवी बैठक बांधून घ्यावी. वरच्या ग्रॅनाइटवर सगळ्या बाटल्या राहतात आणि नळाचे पाइपही तिच्यात लपतात.

कोपऱ्यात त्रिकोणी फळ्या लावल्या तर त्या काचेच्या नकोत, ग्रॅनाइटच्या किंवा टाइलच्याच असाव्यात. साबणाच्या हाताने काच निसटते. ब्रश आणि खराटा यांना भिंतीवरचे रबरी चाप मिळतात. दांडा चापात दाबला की खराटा जमिनीपासून वीतभर वर लटकतो, तो सुकतो आणि खाली झुरळ लपत नाही. टबाच्या कडेला भोक असेल तर तो मोठ्या खुंटीवर टांगता येतो. दुसरी बादली पहिलीच्या आत. फिनेल आणि अॅसिडच्या बाटल्यांसाठी दाराच्या माथ्यावर एक फळी, म्हणजे लहान मुलांचा हात पोचत नाही. पोछ्याची बादली आणि साबणाचा डबा ड्राय बाल्कनीत गेले, जिथे त्यांचं काम असतं.

खुंट्यांबाबत एक इशारा. टॉवेलची दांडी ही आधाराची दांडी नव्हे. तोल गेला की माणूस हाताला येईल ते धरतो, आणि टॉवेलची दांडी दोन स्क्रूंसकट हातात येते. कमोडच्या बाजूला आणि अंघोळीच्या जागी आधाराची वेगळी, जाड, भिंतीत खोल बसवलेली स्टीलची दांडी लावावी. तिच्यावर टॉवेल टाकला तर चालतो. उलटं चालत नाही.

गिझर, टाकी आणि माळा

बाथरूमची उंची साडेनऊ फूट असते आणि आपण वापरतो सात. वरचे अडीच फूट म्हणजे माळ्याची जागा. माळ्याचं तोंड बाथरूमच्या आत न ठेवता पॅसेजच्या बाजूला ठेवलं तर वाफ लागत नाही, बॅगा आणि गणपतीची मखरं कोरडी राहतात.

पिंपाची जागाही तिथेच आहे. पाणी ठरावीक वेळेला येत असेल तर माळ्यावर टाकी बसवून घ्यावी. पण २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन. प्लायवूडच्या माळ्यावर ते ठेवू नये. माळा सिमेंट-काँक्रीटचा असेल आणि जाणकाराने पाहून होकार दिला असेल तरच.

गिझर किती लिटरचा घ्यावा यावर घरोघर वाद असतो. साधं गणित करा. १५ लिटर पाणी ६० अंशांवर तापवलं आणि २५ अंशांच्या थंड पाण्यात मिसळून ४० अंशांचं केलं, तर ३५ लिटर होतं. म्हणजे अंघोळीच्या दोन बादल्या. मध्ये पाणी पुन्हा तापायला थोडा वेळ दिला तर चौघांच्या घराला १५ लिटर पुरतात, मोठ्या गिझरसाठी जागा अडवायची गरज नसते. दाराच्या वर बसणारा आडवा गिझर मिळतो. उभा गिझर मात्र आडवा करून लावू नये; त्याच्या आतल्या नळ्यांची रचना उभी असते. पाण्यासकट त्याचं वजन पंचवीस किलोंच्या आसपास जातं, तेव्हा बोल्ट भक्कम हवेत. फॉल्स सीलिंगमध्ये तो लपवला तरी दुरुस्तीसाठी झाकण ठेवावं.

गॅसचा गिझर लहान आणि स्वस्त म्हणून बाथरूममध्ये लावण्याचा मोह होतो. तो कधीही लावू नये. बंद, लहान जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही; माणूस गुदमरतोय हे त्याला कळतही नाही. खोली जितकी लहान तितका धोका मोठा. गॅस गिझर बाहेर, मोकळ्या हवेत. आत फक्त गरम पाण्याचा नळ.

मशीन आत घ्यायचं का?

वॉशिंग मशीनला दुसरी जागाच नसेल तर समोरून उघडणारं घ्यावं. वरून उघडणाऱ्या मशीनच्या डोक्यावरची हवा वाया जाते. समोरून उघडणाऱ्याच्या वर फळी, त्यावर साबण, त्यावर कपड्यांची टोपली अशी उतरंड रचता येते. रुंदी साधारण ६० सेंटिमीटर लागते, आणि कमी खोलीची, ४५ सेंटिमीटरच्या आसपासची मशिन्सही मिळतात. मशीन स्टँडवर चढवावं, त्याचा प्लग चार फुटांवर आणि अंघोळीच्या उलट्या अंगाला असावा. घराच्या मुख्य बोर्डात गळती झाल्यावर वीज तोडणारं, ३० मिलिअँपिअरचं संरक्षक बटण आहे का, तेही इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावं. बाथरूममध्ये मशीन असो वा नसो, गिझर असतोच.

उजेड, वारा, टाइल्स

फिकट रंगांनी खोली मोठी दिसते, हे सगळे सांगतात. त्याहून मोठा फरक सांध्यांनी पडतो. भिंतीला एक बाय दोन फुटांच्या टाइल्स आडव्या लावल्या की रेषा कमी होतात आणि नजर अडखळत नाही. जमिनीला मात्र एक बाय एकच्या, खरबरीत पोताच्या टाइल्स घ्याव्यात. मोठ्या टाइलला चारही बाजूंनी उतार देता येत नाही. गडद चकचकीत टाइल दुकानात सुंदर दिसते, घरी आल्यावर तिच्यावर क्षाराचा प्रत्येक थेंब वाचता येतो.

जुन्या टाइल्सवर नव्या चिकटवल्या तर फोडाफोड वाचते, पण दोन्ही बाजूंनी मिळून दीड इंच रुंदी जाते. चार फुटांत दीड इंच म्हणजे कमोडच्या बाजूला कोपर घासण्याइतका फरक. हा व्यवहार आधी मोजून करावा.

आरसा खिडकीसमोर लावला तर उजेड दुप्पट वाटतो. आरशामागे चार इंचांचं कपाट असेल तर दाढीचं सामान, औषधं, कंगवे सगळे आत जातात. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीत सहा इंची एक्झॉस्ट पंखा एवढ्या खोलीला पुरतो. अंघोळीनंतर पंधरा मिनिटं चालू ठेवला तर पावसाळ्यातही भिंती सुकतात. पंखा बाहेर हवा फेकतो तेव्हा आत यायलाही वाट हवी. दाराखाली अर्ध्या इंचाची फट ठेवावी.

संडास-बाथरूम एक करावं का?

काही जुन्या फ्लॅटमध्ये संडास वेगळा आणि न्हाणीघर वेगळं असतं. मधली भिंत पाडून मोठं बाथरूम करायची टूम आहे. हिशेब असा: चार फूट लांबीची, साडेचार इंची भिंत गेली की मिळतात दीड चौरस फूट, प्लास्टर-टाइल धरून फार तर दोन. शिवाय एक दार कमी होतं आणि उभं राहायची जागा सामायिक होते, हा खरा फायदा. पण जातं ते दोघांना एकाच वेळी आत जाण्याची सोय.

घरात दोन माणसं असतील तर भिंत पाडा. सकाळी सातला शाळा, आठला ऑफिस आणि दिवसभर औषधं घेणारे आजोबा अशी पाच माणसं असतील, तर ती साडेचार इंची भिंत दोन चौरस फुटांहून मोलाची आहे.

फोडण्यापूर्वी

भाड्याच्या घरात फोडाफोड नाही. तिथे दार, खुंट्या, चाप, बादलीत बादली आणि माळा एवढ्यावरच भर द्यावा. छिद्र पाडायचंच तर टाइलच्या मधोमध न पाडता सांध्यात पाडावं. घर सोडताना सिमेंटने बुजवता येतं. चिकटवायच्या खुंट्या ओलसर भिंतीवर टिकत नाहीत; भिंत दोन दिवस कोरडी ठेवून मगच लावाव्यात आणि जड काही टांगू नये.

स्वतःच्या घरात काम काढताना सोसायटीची लेखी परवानगी आणि खालच्या शेजाऱ्याशी दोन शब्द, दोन्ही आधी. जमीन फोडली की जलरोधक थर पुन्हा द्यावा लागतो, आणि तो दिल्यावर टाइल्स लावायच्या आधी पाणी तुंबवून बघावं लागतं. ट्रॅपला बोळा मारायचा, दोन इंच पाणी भरायचं, पातळीवर पेन्सिलीने खूण करायची आणि ४८ तास वाट बघायची. मध्ये दोनदा खाली जाऊन छताला ओल आली का ते पाहायचं. कंत्राटदार म्हणेल, एक रात्र पुरे. ऐकू नये. टाइल्स लागल्यानंतर निघालेली गळती पुन्हा सगळं फोडायला लावते, आणि तोवर शेजाऱ्याशी बोलणं बंद झालेलं असतं.

अकरातल्या दोन

आमचं काम पाच आठवडे चाललं. बाथरूम अजून चार बाय सातच आहे. जुन्या टाइल्स काढून नव्या लावल्यामुळे मापात काही फरक पडला नाही. दार बाहेर उघडतं, बेसिन पॅसेजमध्ये गेलं, पिंप गेलं आणि माळ्यावर छोटी टाकी आली. खराटा आणि ब्रश चापांत लटकतात. जमिनीवर अकरापैकी दोनच वस्तू राहिल्या: बादलीत बादली ठेवलेली ती एक, आणि आईचा पाट.

पाटासाठीही मी भिंतीवर खास चाप बसवून घेतला होता. पहिल्या दिवशी आईने तो चापातून काढायचा प्रयत्न केला, तिच्या दुखऱ्या खांद्याला ते जमेना, आणि तिने पाट खाली भिंतीला टेकवून ठेवला. चाप अजून तिथेच आहे. मी त्यावर टॉवेल टांगतो.